दस्तातील भाव आणि कानावरचा भाव

खेड्यातील शेतजमिनीचे मूल्य ठरविणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो शेजारची जमीन कितीला गेली हा. महाराष्ट्रात याचे उत्तर कायद्याने गोपनीय नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार खरेदीखताची नोंद शुल्क भरून कोणालाही पाहता येते. तरीही मूल्यांकनकार गावात गेला की त्याच्यापुढे दोन भाव येतात. एक ‘इंडेक्स टू’मधला, दुसरा दलालाने कानात सांगितलेला. गुपित असते ते दुसऱ्याचे.

अमेरिकेतील टेक्सास, युटा, आयडाहो आदी राज्यांत परिस्थिती नेमकी उलटी आहे. तेथे विक्रीची किंमत सरकारदरबारी जाहीर करण्याची सक्ती नाही. ग्रामीण भागात व्यवहारच मोजके. त्यामुळे मूल्यांकनकाराला दलालांकडून विश्वासाने मिळणाऱ्या माहितीवर विसंबावे लागते. तेथे भाव झाकलेला असतो. आपल्याकडे तो उघडा असतो, पण अनेकदा खोटा!

त्याचे कारण सरळ आहे. मुद्रांक शुल्क दस्तातील मोबदला आणि रेडी रेकनरचा दर यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. रेकनरच्या वर आकडा लिहिला की खर्च वाढतो आणि पैसा आला कोठून, हा प्रश्नही निघतो. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नसल्याने विकणाऱ्या शेतकऱ्याला लपविण्याची फारशी गरज नसते. आग्रह बहुधा घेणाऱ्याचा असतो. स्थावराच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रोख घेण्यास २०१५ पासून मनाई आहे. मनाई कागदावर आहे, एवढेच.

गोपनीयतेच्या हमीवर खरा भाव मूल्यांकनकारांना कळवावा, असा उपाय यावर सुचू शकतो. बँकेच्या कर्जापुरता तो चालेलही. अहवालात ‘स्थानिक चौकशीअंती’ असे दोन शब्द घालून काम भागते. भूसंपादनात मात्र ते भागत नाही. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याच्या कलम २६ नुसार बाजारमूल्य काढताना परिसरातील तत्सम जमिनींचे मागील तीन वर्षांतील नोंदणीकृत दस्त पाहिले जातात आणि त्यांतील अधिक किमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरी घेतली जाते. ही तरतूद शेतकऱ्याच्या बाजूची आहे, यात शंका नाही. पण दहाच्या दहा दस्त रेकनरच्याच दराने लिहिलेले असतील, तर वरचे पाच निवडून हाती काय लागणार? ग्रामीण भागासाठीचा गुणक आणि शंभर टक्के दिलासा रक्कम हे दोन्ही पुढे त्याच दबलेल्या आकड्यावर चढतात.

म्हणजे मुद्रांक शुल्क वाचते एकाचे आणि मोबदला घटतो त्या व्यवहाराशी संबंधच नसलेल्या दुसऱ्याचा. त्याने शेजाऱ्याला प्रत्यक्षात दुप्पट मिळाल्याचे भूसंपादन अधिकाऱ्यांपुढे कितीही सांगितले तरी त्याच्या हाती कागद नसतो. दलाल कानात सांगतो, सही करीत नाही. शेजारीही साक्षीला येत नाही, कारण ती साक्ष म्हणजे त्याच्याच व्यवहाराची कबुली ठरते.