कोरा पडदा नको, चालता खेळ द्या

हल्ली नात्यातल्या कुणाचाही फोन आला की पाचव्या मिनिटाला ठरलेला विषय निघतो. "पोराला कोडिंगचा क्लास लावायचाय, कुठला लावू?" २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जाहिरातींचा जो भडिमार झाला, त्याचं हे पीक. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचं म्हटलंय, त्यामुळे आईबाप आणखीच धास्तावलेत.

माझं उत्तर सगळ्यांना एकच. क्लास राहू द्या, आधी पोराला एक चालता खेळ द्या, ज्याचा कोड उघडा आहे. आणि तो त्याला मनसोक्त बिघडवू द्या!

माझ्या एका मावसबहिणीच्या मुलीने एका क्लासात "स्वतःचा गेम" बनवला. प्रमाणपत्र आलं, आजीआजोबांना व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं, कौतुक झालं. पण तो गेम राहत होता क्लासच्याच साइटवर. फी संपली, खातं बंद, गेम गायब. पोरीकडे उरला तो प्रमाणपत्राचा कागद. आपण चित्रकलेच्या क्लासला पाठवलं असतं आणि वही परत मिळाली नसती, तर गप्प बसलो असतो का?

यावर लोक म्हणतात, "पण दुसऱ्याचा कोड घेऊन मुलं कॉपीच करायला शिकतील ना?" मंडळी, तबला शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी कुणी "कर काहीतरी नवीन" म्हणत नाही. गुरुजी कायदा देतात. तो हातात बसला की त्याचे पलटे करायचे. त्याला कुणी कॉपी म्हणत नाही, रियाज म्हणतात. प्रोग्रॅमिंगमध्येच आपण मुलांसमोर कोरा पडदा का ठेवतो कुणास ठाऊक. नाहीतर थेट व्हेरिएबलची व्याख्या पाठ करायला लावतो!

ही युक्ती काही नवी नाही. डेव्हिड आल यांचं बेसिक भाषेतल्या १०१ खेळांचं पुस्तक १९७३ साली आलं. त्यात छापलेला कोड लोक स्वतः टाइप करत, चुका शोधत आणि मग हळूच त्यातले आकडे बदलून बघत. पुस्तकातून खेळ घेणारी एक अख्खी पिढी अशी शिकली.

आता प्रश्न येतो कोड निवडायचा कसा. "ओपन सोर्स गेम" असं शोधून जो पहिला दिसेल तो पोराच्या गळ्यात मारला, तर ते आठ दिवसांत पळून जाईल. 'डूम'चंच बघा. १९९७ साली त्याचा कोड खुला झाला, १९९९ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली आला. इतिहास म्हणून थोर, पण बारा वर्षांच्या मुलाने त्यात शिरायचं कुठून? शिवाय मूळ खेळातली चित्रं, आवाज आणि नकाशे त्या परवान्यात येत नाहीत. कोड खुला म्हणजे अख्खा खेळ खुला असं नसतं.

म्हणून माझ्या तीन अटी. कोड एका बैठकीत वाचून होईल एवढा छोटा हवा. घरातल्या साध्या कॉम्प्युटरवर फार खटपट न करता चालायला हवा. आणि परवाना स्पष्ट लिहिलेला हवा. इंटरनेटवर कोड दिसतोय म्हणजे तो आपला झाला असं नाही. परवानाच लिहिला नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. हेही मुलांना शिकवायलाच हवं.

या अटींत बसणारा 'फ्री पायथन गेम्स' नावाचा संच आहे, अपाचे परवान्याचा. त्यातला साप शंभर ओळींच्या आत संपतो. फाइलीच्या माथ्यावरच प्रश्न लिहिलेत: साप वेगवान कसा कराल? भिंतीवर आपटण्याऐवजी दुसऱ्या बाजूने कसा आणाल? एका ओळीत १०० आकडा आहे, म्हणजे साप दर शंभर मिलिसेकंदांनी पुढे सरकतो. पोराने त्याचे ५० केले की साप सुसाट! लेखी परीक्षेत जे कळणार नाही ते इथे दोन सेकंदांत कळतं.

त्यापुढची पायरी '२०४८'. गॅब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने मार्च २०१४ मध्ये शनिवार-रविवारात लिहिलेला खेळ, एमआयटी परवान्याचा. नवा ठोकळा दहात नऊ वेळा २ चा आणि एकदा ४ चा येतो, हे कोडमध्ये सरळ वाचता येतं. यातली खरी गंमत घरांची संख्या चाराची पाच करण्यात आहे. आतलं गणित पाच घरांचं होतं, पण पडद्यावर पट चार घरांचाच राहतो, कारण तो वेगळ्या फाइलीत लिहिलाय. पोर वैतागतं, शोधतं, सापडलं की ओरडतं. कुठल्याही धड्यापेक्षा हा वैताग मोलाचा आहे.

आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी २००७ पासून स्क्रॅच आहेच. फुकट आहे, आणि तिथे कुणाचाही प्रकाशित खेळ आतून उघडून बघता येतो, बदलून आपला करता येतो.

क्लासवाल्यांशी माझं वैर नाही. चांगला शिक्षक मिळाला तर सोनंच. पण फी भरण्याआधी त्यांना दोन प्रश्न जरूर विचारा. माझ्या मुलीला दुसऱ्याने लिहिलेला अख्खा कोड वाचायला देणार का? आणि तिने लिहिलेला कोड शेवटी तिच्या पेनड्राइव्हवर मिळणार का? यावर जो आधी प्रमाणपत्राचा नमुना दाखवेल, त्याला नमस्कार करून घरी या. साप वाट बघतोय.