गुण एकाच जागी अडले, तर?



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी विहारातील वंदना आटोपून आम्ही पायऱ्या उतरत होतो. तोच आमच्या वस्तीतील एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. वडील मोंढ्यात हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी परभणीच्याच कॉलेजात शिकून बी.कॉम. झाली. आता एम.बी.ए.ला जायचे म्हणून ती सामाईक प्रवेश परीक्षेची, म्हणजे सीईटीची तयारी करते आहे. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. त्यावर आठ आकडे लिहिलेले होते: ८८, ९०, ८६, ९२, ८९, ९३, ८७, ९१.

"जयभीम काका," ती म्हणाली. "दोनशेपैकी एवढेच पडतात. आठ सराव पेपर दिले, पण गाडी एकाच जागी अडली. माझ्या डोक्यात एवढंच आहे वाटतं. आई म्हणते, आता पुरे कर, स्थळ आलंय."

"डोक्यात एवढंच आहे" हे शब्द ऐकले आणि आम्हाला आमचे दिवस आठवले. बी.कॉम. झाल्यावर आम्हीही बँकेच्या परीक्षा दिल्या. एक सरावपुस्तक विकत आणले होते. त्यातले दहाच्या दहा पेपर सोडवले. प्रत्येकात शंभरापैकी ५५ ते ५८ गुण पडत. दहा पेपर संपले तेव्हा दुसरे पुस्तक आणले, त्यातही तेच. तीनदा परीक्षेला बसलो, तिन्ही वेळा राहिलो. मग आम्हीच आमचा निकाल लावून टाकला की आपली बुद्धी अठ्ठावन्न गुणांची. पुस्तके रद्दीत घातली आणि मिळाली ती कारकुनी पत्करली. कारकुनीची आम्हाला लाज नाही, त्याच पगारावर घर उभे राहिले. पण त्या वीस पेपरांत आम्ही एकही चुकलेला प्रश्न पुन्हा उघडून पाहिला नव्हता, हे सांगताना आजही मान खाली जाते.

गंमत अशी की, हिशेबाच्या कामात आम्ही असे कधीच वागलो नाही. तेरीज जुळली नाही तर कारकून काय करतो? तीच बेरीज दहादा करत बसत नाही. तो फरक पाहतो. फरकाला नवाने भाग गेला, तर आकड्यांची उलटापालट झाली असावी असे समजतो. ८७२ च्या जागी ८२७ लिहिले गेले की फरक ४५ येतो. तसे नसेल तर फरकाची निम्मी रक्कम खतावणीत शोधतो. फरक ६४० असेल तर ३२० ची एखादी नोंद जमेऐवजी नावे पडली असेल. चुकीलाही एक चेहरा असतो. तो ओळखता आला की ती सापडते. मात्र "आपल्याला हिशेबच जमत नाही" असे म्हणून वही मिटवणारा कारकून आम्ही पाहिला नाही.

मग परीक्षेच्या अभ्यासातच आपली मुले वही का मिटवतात?

आम्ही त्या मुलीला म्हटले, "ताई, आता आठवडाभर एकही नवा पेपर द्यायचा नाही. शेवटचा पेपर घेऊन रविवारी विहारात ये."

रविवारी दुपारी आम्ही दोघे तो पेपर घेऊन बसलो. ज्या घरांत या परीक्षेची माहिती नाही, त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. एम.बी.ए.ची ही सीईटी मुंबईचा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. ती संगणकावर होते आणि पेपर इंग्रजीत असतो. २०२५ पर्यंतच्या परीक्षांत एकूण २०० प्रश्न आणि १५० मिनिटे असे स्वरूप राहिले. तर्कशक्तीचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. बसण्यापूर्वी त्या वर्षाची माहिती पुस्तिका मात्र प्रत्येकाने स्वतः वाचावी, कारण नियम बदलू शकतात.

१५० मिनिटांचे ९००० सेकंद होतात. २०० ने भागा. एका प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात. हा भागाकार तिने आजवर केलाच नव्हता.

आम्ही तिला वहीच्या पानावर चार रकाने आखायला लावले. पहिला रकाना, येतच नव्हते. दुसरा, येत होते पण चुकले. तिसरा, वाचायलाच वेळ मिळाला नाही. चौथा, अंदाजाने खूण केली आणि बरोबर आले. हा चौथा रकाना मुले कधी लिहीत नाहीत, कारण बरोबर आलेल्या उत्तराकडे कोण पुन्हा पाहतो? पण नशिबाने आलेला गुण हा उधारीचा गुण असतो.

दोन तासांनी पान भरले, तेव्हा ९१ गुणांचा खरा चेहरा दिसला. तिने १५० मिनिटांत वाचले होते फक्त १४० प्रश्न. त्यातले ७७ बरोबर, ३४ येतच नव्हते आणि २९ येत असून चुकले होते. उरलेल्या ६० प्रश्नांना तिने शेवटच्या मिनिटांत न वाचता खुणा केल्या होत्या. त्यातले १४ नशिबाने बरोबर आले. ७७ आणि १४ मिळून ९१.

येथे एक हिशेब समजून घेण्यासारखा आहे. चार पर्यायांचे ६० प्रश्न डोळे मिटून भरले, तर सरासरीने १५ बरोबर येतात. पण एखाद्या दिवशी ११ येतात, एखाद्या दिवशी १९. म्हणजे अभ्यास तोच असून गुण सात-आठांनी सहज वर-खाली होतात. तिच्या कागदावरचे आकडे ८६ ते ९३ यांच्यामध्येच फिरत होते. ९३ पडले त्या दिवशी ती हसली आणि ८७ पडले त्या दिवशी जेवली नाही. दोन्ही दिवशी तिची तयारी बहुधा एकच होती! म्हणून एका पेपरवरून काही ठरवू नये. तीन-चार पेपरांची सरासरी पाहावी.

आता दुरुस्तीचे बोलू.

सर्वांत मोठी गळती वेळेची होती. न वाचलेले ते प्रश्न तिने घरी शांतपणे सोडवले, तेव्हा निम्म्याहून अधिक बरोबर आले. म्हणजे डोके कमी नव्हते, वेळ भलतीकडे जात होता. कोठे जात होता? गोलाकार टेबलाभोवती आठ माणसे बसली आहेत, कोण कोणाच्या शेजारी, अशा प्रश्नांचे चार गट तिने हट्टाने सोडवले होते. त्यात ३८ मिनिटे गेली. पहिला प्रश्न सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, ही शाळेतली सवय येथे घात करते. अवघड प्रश्नालाही एकच गुण आणि सोप्या प्रश्नालाही एकच. म्हणून पेपर दोन फेऱ्यांत सोडवावा. पहिल्या फेरीत शेवटच्या प्रश्नापर्यंत जायचे आणि हाताला लागेल ते उचलायचे. अडला की खूण करून पुढे. दुसऱ्या फेरीत अवघडाकडे परत यायचे. शेवटची पाच मिनिटे राखून ठेवायची आणि एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ही शेवटची सूचना गुण न कापणाऱ्या परीक्षेपुरतीच आहे. आय.आय.एम.च्या कॅट परीक्षेत पर्याय असलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण कापला जातो. तेथे अंदाज जपून करावा.

दुसरी गळती घाईची. येत असून चुकलेले २९ प्रश्न आम्ही एकेक वाचले. त्यांत 'नाही' हा शब्द न दिसलेले होते, किलोमीटरचे मीटर करायचे राहिलेले होते, कच्च्या कागदावर ७ चा १ वाचलेले होते. त्याच त्या पाच-सहा चुका फिरून फिरून येत होत्या. तिने त्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवल्या. आता दर पेपरपूर्वी ती तेवढे पान वाचते.

तिसरी गोष्ट, न येणाऱ्या ३४ प्रश्नांची. आकडा मोठा वाटला, पण विषयवार लावून पाहिले तर १९ प्रश्न चारच धड्यांतले निघाले: शेकडेवारी, वेळ आणि काम, नातेसंबंध आणि इंग्रजी उताऱ्यावरील प्रश्न. सगळा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून काढण्याची गरजच नव्हती. चार धडे, चार आठवडे. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या मुलांना इंग्रजी उतारा तीन-तीनदा वाचावा लागतो आणि वेळ तेथे झिरपतो. त्याला रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र वाचण्यावाचून दुसरा उपाय आम्हाला माहीत नाही. परीक्षेच्या आदल्या महिन्यात ते साधत नाही, म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच ही सवय लावावी.

आणखी एक फसवणूक सांगितली पाहिजे. मुले चुकलेल्या प्रश्नाचे उत्तर वाचतात, "हो हो, समजले" म्हणतात आणि पान उलटतात. समजणे वेगळे आणि करता येणे वेगळे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने धडा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले. म्हणून चुकलेला प्रश्न उत्तर झाकून पुन्हा सोडवावा. तीन दिवसांनी पुन्हा, दहा दिवसांनी पुन्हा. तिन्ही वेळा सुटला तरच वहीत त्यावर काट मारावी.

सराव मोबाईलवर होतो, परीक्षा संगणकावर होते. मोबाईलच्या काचेवर बोट फिरवण्याची सवय झालेली मुले माऊस हातात आला की गोंधळतात. महिन्यातून दोन पेपर तरी संगणकावर द्यावेत. कॉलेजात किंवा ओळखीच्या दुकानात तासभर बसू देतात. मागायला लाजू नये.

आता थोडे आई-वडिलांशी. आपण अभ्यासातले सांगू शकत नाही याची खंत बाळगू नका. दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. पेपर देऊन आलेल्या मुलाला "किती पडले?" असे लगेच विचारू नका. "आज कोणती चूक सापडली?" असे विचारा. आणि संध्याकाळचे दोन तास तिला द्या. मुलगा अभ्यासाला बसला की घर टी.व्ही. बंद करते. मुलगी बसली की मात्र पाणी भरायचे, भाकरी थापायची हाक येतेच. त्या मुलीच्या पेपरांचे आकडे अडण्यात या हाकांचाही वाटा होता. तिच्या आईला आम्ही हे सांगितले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "भाऊ, भाकरी मी थापीन. स्थळाचं परीक्षेनंतर बघू."

बाबासाहेबांची आठवण येथे काढल्याशिवाय राहवत नाही. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध लंडन विद्यापीठाच्या परीक्षकांनी १९२३ साली जसाच्या तसा न स्वीकारता दुरुस्तीसाठी परत पाठवला. पैसे संपलेले, मायदेशी परतावे लागलेले. त्यांनी प्रबंध टाकून दिला नाही. मुंबईत बसून तोच पुन्हा तपासला, दुरुस्त केला आणि लंडनला पाठवला. त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. मिळाली. परत आलेला कागद पुन्हा उघडण्यात कमीपणा नाही, हे आपल्या मुलांना याहून वेगळे कोणी सांगावे?

त्या मुलीने दहा दिवसांनी नववा पेपर दिला. ९६ पडले. दहाव्यात पुन्हा ९४ झाले, तेव्हा तिचा चेहरा उतरला. आम्ही वही उघडायला लावली. वाचलेले प्रश्न १४० वरून १७२ झाले होते, पण घाईच्या चुका वाढल्या होत्या. वेग वाढतो तेव्हा असे होतेच. तिने नवीन चुका पहिल्या पानावर चढवल्या. परवाच्या तेराव्या पेपरात तिला ११३ गुण पडले. त्यातले अंदाजाचे फक्त सहा होते. खरी परीक्षा अजून व्हायची आहे. तीत काय होईल हे आम्ही सांगू शकत नाही आणि कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण डोक्यात एवढेच आहे, हे वाक्य ती आता बोलत नाही.

जिंतूर, सेलू, पूर्णा, गंगाखेडच्या ज्या घरांत असे अडलेले आकडे असतील, त्यांनी आपल्या विहारात रविवारी दोन तास मुलांना एकत्र बसवावे. शिकवणारा मिळाला नाही तरी चालेल. मुलांनी एकमेकांच्या चुका वाचल्या तरी पुष्कळ काम होते. खर्च एका वहीचा आहे.

जयभीम.