लाल रेघ कुठाय?

हार्टचा रिपोर्ट हातात पडला की दोन दुखणी घरी येतात. एक रिपोर्टमधलं, दुसरं डोक्यातलं. औषधपाणी मात्र पहिल्याचंच होतं...

रात्रीचे दोन वाजलेत. अख्खी सोसायटी गाढ झोपलीय आणि मी दोन बोटं गळ्यावर दाबून मोजतेय. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ... आणि मधेच एक ठोका गायब! पुढचा एकदम दणदणीत. झालं. तळहाताला घाम, बोटांना मुंग्या, श्वास अर्ध्यावर अडकलेला. मनगटावरच्या स्मार्टवॉचकडे बघते, एकशे अठरा. बघितल्यावर एकशे सव्वीस!

गेल्या वर्षी माझे सलग तीन महिने असे गेले. वय अठ्ठावीस, ना शुगर, ना बीपी, ना सिगारेट. नुसती अधूनमधून धडधड व्हायची म्हणून टू-डी इको काढला. डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली आणि म्हणाले, ‘मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स आहे. थोडंसं लीक आहे. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. टेन्शन घेऊ नका.’ चार मिनिटांत मी बाहेर!

म्हणजे नेमकं काय, ते मी नंतर वाचून काढलं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते. रक्त पुढे ढकललं जाताना ती घट्ट बंद व्हायला हवी. माझ्यासारख्यांच्या झडपेचं पातं बंद होताना जरा मागे फुगतं, कधी थोडं रक्त उलट्या दिशेने झिरपतं. शंभरातल्या दोन-तीन जणांना हे असतं आणि त्यातल्या कित्येकांना ते कळतही नाही. काहींची गळती मात्र वाढते, झडप दुरुस्त करावी लागते. क्वचित कुणाला ठोक्यांचा गंभीर त्रास होतो.

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. पण मी अडकले त्या ‘बहुतेक’ या शब्दावर. बहुतेकांना होत नाही, म्हणजे काहींना होतं. आणि ती ‘काही’ मीच असणार, याची मला रात्री दोन वाजता शंभर टक्के खात्री असायची.

मग माझं जग आक्रसायला लागलं. आधी कॉफी गेली. मग तिसऱ्या मजल्याचे जिने. मग शनिवारचे ट्रेक. ‘डेडलाइन आहे गं’ असं सांगून मी मैत्रिणींचे प्लॅन टाळायला लागले. कुठेही गेले की पहिला प्रश्न, इथून जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर? दोनदा मध्यरात्री कॅज्युअल्टीत जाऊन ईसीजी काढून आले. दोन्ही नॉर्मल. नॉर्मल रिपोर्टचा आनंद किती टिकायचा? रिक्षा घराच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत.

१४ डिसेंबर २०२३ ला श्रेयस तळपदेला हार्ट अॅटॅक आला, ती बातमी आठवते ना? दिवसभर शूटिंग केलेला ४७ वर्षांचा आपला मराठी हीरो संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये. तेव्हा मी ‘अरे बापरे’ म्हणून स्क्रोल केलं होतं. आता ती बातमी शोधून शोधून वाचायला लागले. त्याचा आजार हृदयाच्या रक्तवाहिनीचा, माझा झडपेचा. काडीचा संबंध नाही. पण भीतीला एवढं मेडिकल नॉलेज कुठून असणार?

बरं, ही गोष्ट आजची नाही. १८७१ साली जेकब द कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरने यादवी युद्धातल्या सैनिकांवर लेख लिहिला होता. छातीत दुखतं, धडधडतं, दम लागतो अशी त्यांची तक्रार. पण हृदय तपासलं तर त्यात काही मोठं सापडेना. पुढे पहिल्या महायुद्धात याला चक्क ‘सोल्जर्स हार्ट’ म्हणायला लागले. भीती हुबेहूब हृदयविकाराचा मेकअप करून येऊ शकते, हे डॉक्टरांना तेव्हापासून ठाऊक आहे.

फंडा साधा आहे. आपण घाबरलो की शरीरात अॅड्रेनालिन सुटतं. त्याने ठोके वाढतात, जास्तीचे ठोकेही पडतात. आपण भराभर श्वास घ्यायला लागतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, छाती आवळल्यासारखी वाटते. ते जाणवलं की आपण आणखी घाबरतो. मग आणखी अॅड्रेनालिन. गोल गोल राणी! आणि आपण म्हणतो तो ‘चुकलेला’ ठोका बहुतेक वेळा चुकलेला नसतोच. एक ठोका जरा लवकर पडतो, मग हृदय क्षणभर थांबतं आणि पुढचा ठोका जोरात पडतो. धडधाकट माणसांनाही असं होतं.

हे सगळं मला पाठ होतं हो! पण पाठ असून रात्री दोन वाजता उपयोग शून्य.

अशात गावाहून फोन आला. आमचं गाव बिद्री, कागल तालुक्यातलं. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचं बिद्री. काकीचा हुकूम होता, ‘आठ दिस येऊन ऱ्हा. हवापालट हुईल.’ मी मनातल्या मनात हिशेब केला, कोल्हापूरचं मोठं हॉस्पिटल तिथून तासाभराच्या रस्त्यावर. आणि गळीत हंगामात त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर! रात्री काही झालं तर? चुलतभावाला फोनवर विचारलं, ‘तिकडे सीपीआर कुणाला येतं का रे?’ म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबत राहतात, ते. तो म्हणाला, ‘येतं काय? सीपीआर कोल्हापुरातच हाय की. बसनं जायचं.’ कोल्हापूरकरांसाठी सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, दुसरं काही नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी खळखळून हसले. आणि गेले.

आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, उभा जन्म बॉयलरवर काम करून रिटायर झालेले. सात वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. कमी बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सोप्यात बसलो होतो. बाहेर ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी, हवेत मळीचा वास. मी बोलता बोलता किती वेळा मनगटाकडे बघते, ते बहुतेक आप्पा मोजत असावेत.

‘काय बघतीस सारखं?’

‘ठोके.’

‘किती हायत?’

‘ब्याण्णव.’

‘मग? किती झाल्यावर पळायचं, सांगितलंय का डाक्टरनं?’

मी गप्प. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

आप्पा म्हणाले, ‘बॉयलरला गेज असतोय. त्येच्यावर लाल रेघ असती. काटा सारखा हलतोयच गं, हलणारच. आत वाफ हाय, काय थंड पाणी न्हाई. आमी तासाला वहीत आकडा लिवायचो. काटा हलला म्हणून कोण पळत न्हाई. लाल रेघंकडं निघाला की मग मातूर थांबायचं न्हाई. तुज्या गेजावर रेघच न्हाई, म्हणून तू सारखी पळतीस.’

मी म्हटलं, ‘आप्पा, तुम्हाला भीती वाटली होती? अँजिओप्लास्टीनंतर?’

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘सा म्हैनं झोपलो न्हाई. पहाटं चारचा भोंगा वाजला की वाटायचं, चला, आजची रात निघाली. पण सांगायचं कुणाला? जल्मभर बॉयलरफुडं हुबा ऱ्हायलेला माणूस, आन भ्यातोय म्हणायचं?’

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. काकी दारात आली. ‘मला वाटायचं, डूटीची सवय म्हणून झोप येत न्हाई ह्यास्नी. मी बी जागाच असायचो की. श्वास चालू हाय का बघत.’ (आमच्याकडे बायका ‘असायचो’च म्हणतात.)

सहा महिने. एका खोलीत दोन माणसं, दोघंही जागी, दोघंही झोपल्याचं सोंग घेऊन. आणि हे एकमेकांना कळलं सात वर्षांनी, माझ्या स्मार्टवॉचमुळे! काकी पदराने डोळे पुसत आत गेली. आप्पा बाहेर उसाच्या ट्रॉल्यांकडे बघत बसले. मला काय बोलावं सुचेना.

त्या रात्री मी घड्याळ काढून ठेवलं. झोप लागली म्हणणार नाही. पण भीती वाटली तेव्हा काकीला हाक मारली आणि सांगितलं. ती उठली, शेजारी येऊन बसली. ‘टेन्शन घेऊ नकोस’ असं एकदाही म्हणाली नाही.

पुण्यात परतल्यावर दुसऱ्या कार्डिऑलॉजिस्टची वेळ घेतली आणि कागदावर प्रश्न लिहून नेले. कुठल्या लक्षणांकडे दुर्लक्ष करायचं? कुठल्या लक्षणांना धावत यायचं? काय काय करायला परवानगी आहे? आणि चौथा, सगळ्यात अवघड प्रश्न, ‘डॉक्टर, मला फार भीती वाटते, याचं काय करू?’ त्यांनी पेन खाली ठेवलं. चोवीस तासांचं होल्टर मॉनिटरिंग करून घेतलं आणि रेघ आखून दिली. अधूनमधून एखादा ठोका इकडेतिकडे, चालेल. चक्कर येऊन शुद्ध हरपली, चालताना छातीत दुखलं, पूर्वी न लागणारा दम लागायला लागला, धडधड थांबेचना, तर लगेच यायचं. जिने, चालणं, ट्रेक, सगळं सुरू करा, हळूहळू. पुढचा इको दोन वर्षांनी. आणि भीतीसाठी समुपदेशकाचं नाव लिहून दिलं, अगदी गोळी लिहून द्यावी तसं.

हे लाड नाहीत बरं का. हार्ट अॅटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला नैराश्य गाठतं आणि अशा पेशंटचं पुढचं दुखणंही जड जातं. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच सांगितलं की हृदयरोग्यांचं मनही तपासा. आपल्याकडे मात्र डिस्चार्ज कार्डवर पथ्य असतं, गोळ्या असतात, भीतीची ओळ क्वचितच असते.

समुपदेशकाने काय केलं? जादू नाही. ज्या गोष्टी मी टाळत होते त्यांची यादी करायला लावली, सोप्यापासून अवघडपर्यंत. आधी एक जिना. धडधडलं? धडधडू दे, जिना चढल्यावर सगळ्यांचंच धडधडतं. मग दोन जिने. मग अर्धा कप कॉफी. नाडी दिवसातून एकदाच बघायची, सकाळी, आणि वहीत लिहायची. आप्पांची लॉगबुकच की ही!

श्रेयस तळपदेही कामावर परतला. डिसेंबर २०२४ मध्ये ‘पुष्पा २’ हिंदीत बघून ज्यांनी शिट्ट्या मारल्या, त्यांनी अल्लू अर्जुनच्या तोंडून त्याचाच आवाज ऐकला, अॅटॅकनंतर जेमतेम वर्षभराने. आणि आमच्या फुटबॉलवेड्या चुलतभावाचा लाडका ख्रिस्तियन एरिक्सन? १२ जून २०२१ ला कोपनहेगनला भर मॅचमध्ये त्याचं हृदय थांबलं. छातीत शॉक देणारं यंत्र बसवून तो फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा मैदानात उतरला आणि जून २०२४ च्या युरो कपमध्ये त्याने गोल मारला. या दोघांना भीती वाटलीच नसेल, असं मला नाही वाटत. भीती बरोबर घेऊनच माणसं कामावर जातात.

माझं म्हणाल तर ‘बहुतेक’ अजून आहे. झडपही तशीच आहे. मधेच एखादा ठोका लवकर पडतो, काळजात धस्स होतं आणि बोटं गळ्याकडे निघतात. मग आठवतं, काटा हलतोय. हलणारच. आत वाफ आहे.

परवा काकीचा फोन आला होता. म्हणाली, आप्पा हल्ली रात्री जाग आली की तिला उठवतात. ‘झोपमोड हुती बघ माजी,’ म्हणाली. आवाजात तक्रार अजिबात नव्हती.

एवढं जवळ ठेवा

- डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्या. ‘कशाला घाबरायचं नाही आणि कशाला धावत यायचं’ हे विचारल्याशिवाय उठू नका.
- छातीत दाब किंवा दुखणं काही मिनिटांत थांबलं नाही, ते हाताकडे किंवा जबड्याकडे पसरलं, घाम फुटला, दम लागला किंवा शुद्ध हरपली, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका. १०८ लावा. खरं काय ते डॉक्टरांना ठरवू दे.
- नाडी, बीपी, घड्याळाचे आकडे डॉक्टर सांगतील तेवढ्याच वेळा बघा.
- भीती झोप, काम, भेटीगाठी खायला लागली तर मदत घ्या. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा केंद्र सरकारचा मोफत नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे.
- घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर ‘जेवलात का, गोळी घेतली का’ याच्या पुढचा एक प्रश्न विचारा, ‘रात्री झोप लागते का?’