गाडी खाली घ्यायचीय? आधी रस्ता सांगा

पोरं मोबाईलवर फोटो दाखवतात, "दादा, चाक आणि फेंडरमध्ये बोट जायला नको." मी आधी विचारतो, गाडी रोज कुठं जाते? टेंभुर्णी, बार्शी, की उसाच्या रानापर्यंत?

स्विफ्ट धरा. ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर. 40 ने खाली घेतली की उरले 123. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला स्पीडब्रेकर 100 मिलिमीटर उंच. मागं तिघं बसले, डिकी भरली, की गाडी अजून खाली. आणि गावागावांतले स्पीडब्रेकर नियम वाचून घातलेले नसतात!

म्हणून रोजच्या गाडीला मी 25 च्या पुढं जात नाही. उंची कमी झाली की स्प्रिंगला दबायला जागा कमी उरते, म्हणून ती कडक बनवतात. दमलेल्या शॉकअपला ती आवरत नाही; गाडी उड्या मारते आणि शिव्या स्प्रिंगला. आधी शॉकअप तपासा. बसवल्यावर अलाइनमेंट कराच, नाहीतर टायर एका बाजूने झिजतो. गॅसकटरने स्प्रिंग कापायचं काम आमच्याकडं होत नाही. पोलादाचं पाणीच उतरतं.

दुकानदार मित्रांनो, 40 चा सेट विकला की गल्ला भरतो, मान्य. मीही सुरुवातीला एकाला विकला. त्याच्या वडिलांना कंबरदुखी. महिन्यात गाडी परत, जुन्या स्प्रिंगा बसवून दिल्या, मजुरी मागायला तोंड नव्हतं. आता मूळ स्प्रिंगा बांधून गिऱ्हाइकाच्या डिकीतच ठेवतो. आणि 25 वाल्या माझ्या गाडीतून आधी चक्कर मारून आणतो, घरच्यांना मागं बसवून.