लहान भाषेची भाकरी

संगणकाची भाषा शिकायची म्हटली की आपले विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतात : ती किती लोक वापरतात? माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. ती कोणाचे काम करते, हे आधी विचारावे.

‘टॅली’ ही हिशेबाची प्रणाली श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भरत यांनी १९८६ साली सुरू केली. तिची स्वतःची ‘टीडीएल’ नावाची भाषा आहे. टॅलीबाहेर तिला कोणी विचारीत नाही. परंतु लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याला बिलात गोण्या, हमाली, गाडीभाडे यांचे वेगळे रकाने हवे असतील, तर हीच भाषा कामी येते. भाषा लहान, पण गरज रोजची. म्हणून तिच्यावर पोट भरते.

धोका आहेच. तिचे घर एक आणि मालकही एकच. टॅलीचे दिवस फिरले, तर टीडीएलचेही फिरतील. उलट १९६० च्या सुमारास आलेली ‘कोबोल’ कालबाह्य म्हणून हिणवली गेली. तरी एप्रिल २०२० मध्ये बेकारभत्त्याच्या कामासाठी अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना तिचे जाणकार जाहीरपणे मागावे लागले. जुनी कामे तिच्यातच अडकली होती!

तेव्हा व्यापाऱ्याने लहान भाषा जरूर वापरावी. मात्र करून घेतलेल्या कामाची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी, एकाच जाणकारावर विसंबू नये. आणि विद्यार्थ्याने ती शिकण्याआधी जमाखर्च शिकावा. भाषा बदलेल, जमा आणि नावे बदलणार नाहीत.