नाकापेक्षा मोती जड

प्रकल्पाचे विषय ठरवायचे दिवस आले, की यंत्र शाखेच्या व्हरांड्यात एक विषय हमखास ऐकू येतो : इंजिनाला सुपरचार्जर बसवू या! आणि लगेच पुढचे वाक्य : मिळेल त्यातला मोठा घेऊ. माझे मत याच्या अगदी उलट आहे. सुपरचार्जर आधी विकत घ्यायचा आणि मग तो इंजिनाला जुळवायचा, म्हणजे अंगरखा शिवून झाल्यावर माप घेण्यातला प्रकार होय.

सुपरचार्जर इंजिनाच्याच शक्तीवर फिरून हवा दाबतो आणि सिलिंडरात कोंबतो. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून शक्ती जास्त. इतके सर्वांना पाठ असते. पण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, याचा मात्र विसर पडतो. साधे गणित करून पाहा. २७ अंश सेल्सिअसची हवा दीडपट दाबाला नेली आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ७० टक्के असली, तर हवा सुमारे ८० अंशांपर्यंत तापते. दाब दीडपट झाला, तरी घनता वाढते ती २७ टक्क्यांच्या आसपास. कार्यक्षमता ५० टक्क्यांवर घसरली, तर तापमान १०० अंशांपर्यंत चढते आणि पदरात जेमतेम २० टक्के पडतात. वर पेट्रोल इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टनच्या जिवावर बेतते, ते वेगळेच.

ही कार्यक्षमता काही यंत्राच्या अंगावर कोरलेली नसते. किती हवा किती दाबाने जाते, यावर ती ठरते. इंजिनाच्या भुकेपेक्षा सुपरचार्जर फार मोठा असला, तर तो आपल्या चांगल्या टप्प्याबाहेरच फिरत राहतो. केंद्रोत्सारी जातीत तर वाढीव दाब साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळतो. निम्म्या वेगाला सुमारे चतुर्थांश. म्हणजे चोर्ल्याच्या चढावर, कमी फेऱ्यांत, जोर हवा असतो तेव्हाच स्वारी हात वर करणार!

रोल्स-रॉईसच्या मर्लिन इंजिनाची कथा या बाबतीत बोलकी आहे. १९३८ साली स्टॅन्ले हूकर हा गणिताचा माणूस डर्बीच्या कारखान्यात रुजू झाला. आत्मचरित्राला ‘नॉट मच ऑफ अ‍ॅन इंजिनिअर’ असे नाव देणारा हाच तो. त्याने मर्लिनच्या सुपरचार्जरचा हिशेब नव्याने मांडला, हवेची वाट सुधारली. पुढे दोन सुपरचार्जर एकामागे एक जोडले गेले आणि दाबलेली हवा थंड करण्याची सोय झाली. हे मर्लिन ६१ इंजिन १९४२ साली स्पिटफायर विमानांतून लढाईत उतरले. ३०,००० फुटांवर त्याची शक्ती आधीच्या एकटप्पी मर्लिनपेक्षा पुष्कळ जास्त होती. इंजिनाचे आकारमान मात्र तेच, २७ लिटर. वाढली होती ती जुळणी.

गणिताचा तास बुडवून वर्कशॉपमध्ये रमणाऱ्या माझ्या मित्रांनी यावर विचार करावा. प्रकल्पाचा पैसा बहुधा वडिलांच्या खिशातून येतो. तो भंगारात जाऊ नये. म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे : इंजिनाला लागणारी हवा, हवा असलेला दाब, त्या दाबाचे तापमान आणि सुपरचार्जर फिरवायला लागणारी शक्ती, एवढे चार आकडे एका कागदावर मांडून दाखवल्याशिवाय खरेदीच्या अर्जावर सही करू नये. आकडे जुळले, तर आकाराने लहान सुपरचार्जरही पुष्कळ काम करून जाईल.