केक ‘व्हेगन’ झाला म्हणजे आपला झाला का?



डिसेंबरात आमच्या नरखेड तालुक्यात आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू असते, आणि माझ्या लेकीचा वाढदिवसही याच महिन्यात येतो. मागच्या वर्षी मी नेहमीसारखाच दही-लोणी घालून बिनअंड्याचा केक केला. पुण्याहून आलेल्या लेकीनं तो कापला, सगळ्यांना भरवला, पण स्वतः खाल्ला नाही. म्हणाली, “आई, मी दूध सोडलंय.”

सासूबाईंना ते फार लागलं. “आपल्या घरचं तूप काऊन चालत नाही हिला? आम्ही का जन्मभर पापाचं खाल्लं?”

त्या दिवशी मला दोघींचंही बरोबर वाटलं, म्हणून मी गप्प बसले. आज वर्षभर विचार करून लिहिते आहे.

सासूबाईंच्या काळी गोठ्यात गाई होत्या. वासरू आधी प्यायचं, मग धार काढायची. गोऱ्हा झाला तर त्याचा बैल व्हायचा, त्याला शेतात काम होतं. आता शेतात ट्रॅक्टर आला आणि घरात पाकिटाचं दूध. त्या पाकिटामागच्या गोऱ्ह्याचं काय होतं, हे आपण कधी विचारत नाही. लेकीनं ते विचारलं. मुंगी वाचवायला शिकवलेल्या मुलीनं वासराबद्दल विचारलं, तर तो आपल्या संस्काराचा अपमान कसा? तो तर त्याच संस्काराचा परिणाम.

दूध-तूप सोडणं आपल्याला नवंही नाही. रसपरित्याग हे आपल्या सहा बाह्य तपांपैकी एक. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहा रसांपैकी एखादा तरी रस सोडणाऱ्या बाया प्रत्येक गावच्या मंदिरात भेटतील. सासूबाई स्वतः चातुर्मासात दही सोडतात. त्यांचं कारण जिभेवर ताबा, नातीचं कारण वासरू. कारणं वेगळी असली तरी ताटातून वाटी उचलली जातेच.

पण लेकीलाही मला एक सांगायचं होतं. तिला फ्रेंच केकची भारी हौस. ती मोबाईलवरच्या कृती दाखवायची आणि म्हणायची, “हे व्हेगन आहे, म्हणजे आपल्याला चालेल.” तसं नसतं. रम बाबा नावाचा केक रममध्ये भिजवतात. दूध-अंडं काढलं तरी मद्य राहतंच. ब्रिओश यीस्टनं फुगवतात. व्हॅनिला इसेन्स बरेचदा अल्कोहोलमध्ये केलेला असतो. आंबटपणासाठी व्हिनेगर सांगतात, तोही आंबवलेलाच. मध तेवढा व्हेगन लोकही सोडतात, आपणही सोडतो. म्हणजे चाळण्या दोन आहेत, आणि आपल्या घरात केक दोन्हींतून गेला पाहिजे. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर किंवा ‘व्हेगन’ शब्दावर विवेक सोपवून चालत नाही.

फ्रेंच लोकांचा ‘कात्र-कार’ नावाचा घरगुती केक आहे. नावाचा अर्थ चार पाव भाग: मैदा, साखर, लोणी आणि अंडी, सगळं सारख्या वजनाचं. म्हणजे अर्धा केक आपल्याला काढूनच टाकायचा! अंडं केक बांधतं आणि फुगवतं, लोणी मऊपणा देतं. ही कामं दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावी लागतात. फुगवायचं काम आपली संत्री करतात. त्यांच्या आंबट रसात सोडा पडला की वायू तयार होतो आणि केक वर येतो. व्हिनेगरची गरजच नाही.

माझं प्रमाण असं: दीड कप कणीक, पाऊण कप साखर, 1 चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, 1 कप ताजा गाळलेला रस, पाव कपाहून थोडं जास्त तेल, आणि दोन संत्र्यांच्या सालीचा फक्त वरचा केशरी कीस. पांढरा भाग आला की कडू होतं. मैद्याच्या पाकिटाची मर्यादा कळत नाही, म्हणून मी ताजी दळलेली कणीक दोनदा बारीक चाळून घेते. रस घातला की थांबायचं नाही, लगेच 180 डिग्रीवर 35 ते 40 मिनिटं.

अंड्याच्या फेसाऐवजी छोले शिजवलेलं पाणी फेटतात. 2014 मध्ये फ्रान्सच्याच झोएल रोसेल यांनी ही युक्ती पुढे आणली. ती वापरायची तर दह्याच्या केकात नको, द्विदल होतं. दूध-दही नसलेल्या केकात तो प्रश्नच येत नाही.

खरं सांगते, हा कात्र-कार नाही. लोण्याचा वास नाही, पोतही जरा भरड. आणि दूध न घातलेला केक म्हणजे काही तप नव्हे. साखर आहे, हौस आहे. त्याचा मोठेपणा लेकीनं मिरवू नये, मीही मिरवत नाही.

या वर्षी केक दुपारी चारलाच कापला, कारण डिसेंबरात दिवस लवकर बुडतो. लेकीनं पहिला तुकडा आजीला दिला. सासूबाईंनी खाल्ला आणि म्हणाल्या, “तूप असतं तर अजून चांगला झाला असता.” मग दुसरा तुकडा मागितला.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी एखादी लेक किंवा सून दुधाला नाही म्हणत असेल. तिला ‘फॅड’ म्हणण्याआधी एकदा शेजारी बसवून कारण विचारा. आणि तिच्या ताटात काहीतरी गोड असेल, एवढं नक्की बघा.

जय जिनेंद्र.